सुमनचं विरजण

पाहुणा दारात उभा असला तरी सुमन आधी मासोळ्यांच्या टाकीत बोट बुडवायची. फिल्टरच्या नळीतून पडणाऱ्या पाण्याचा जोर बघायची, मग पदराला बोट पुसून म्हणायची, "या, बसा." माझी बायको अशी होती. मला राग यायचा.

पोरगा नोकरीला पुण्याला गेला, टाकी आमच्या अकोल्याच्या घरात राहिली. सुमनने तिच्यातली प्लास्टिकची फुलं फेकून खरी झाडं लावली. नळीचं तोंड काचेकडे वळवलं. मी म्हटलं, सरळ सोड, पडू दे जोरात.

"अवो, पान डोललं पायजे, उपटलं नाई पायजे. तुमचं सारंच जोरात."

फिल्टरमधला स्पंज काळा, चिकट. तो ती नळाखाली कधी धुवायची नाही. टाकीतलंच पाणी गंजात, लहान पातेल्यात, काढून त्यात एकदा दाबायची, झालं. मी नाक मुरडायचो.

"घाण नोय ते, विरजण हाय. पानी साफ करनारे जंतू याच्यातच रायतात. नळाचं औषध लागलं का मेले."

दर्यापूरच्या तिच्या धाकट्या बहिणीने, बेबीने, टाकी घेतली तेव्हा सुमनने त्याच स्पंजाचा तुकडा कापून ओलाच डब्यात घालून दिला. शेजारणीला दह्याचं विरजण द्यावं तसा.

सुमन गेली. तेरवीच्या आधी घर धुऊन काढतात. माझ्या बहिणीने पडदे धुतले, पाट धुतले, आणि कोणी सांगितलं नसताना स्पंजही साबण लावून नळाखाली घासला. पार निळा झाला, नवा दिसायला लागला. मग टाकीतलं पाणी दुधासारखं झालं. मासोळ्या वर येऊन तोंड उघडायला लागल्या. एक मेली.

मी बसायचो, उठायचो, टाकीत बोट बुडवायचो. जोर तर होता.

"दादा, तलावात सोडून दे ना त्याइले," बहीण म्हणाली. "कायले जिवाले घोर?"

"तू चूप बस."

तेरवी दुसऱ्याच दिवशी होती, तरी मी दर्यापूरची एसटी धरली.

बेबी मला दारात पाहून दचकली. "भाऊजी, उद्या तेरवी ना? तुमी इकडं काहून?"

"तुया बहिनीनं देल्ला तो स्पंज दे."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, कात्री आणली. "अर्धाच नेजा. पुरा नेला तं माया मासोळ्याइनं काय करावं?" सुमनचीच बहीण. टाकीतल्या पाण्यासकट तुकडा तिने डब्यात घातला.

परतताना डबा मांडीवर होता. खड्डा आला की मी झाकण दाबून धरायचो.

"दही हाय काय, बाबाजी?" शेजारच्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

घरी आल्या आल्या तुकडा फिल्टरमध्ये बसवला.

तेरवीला पाहुणे दारात आले तेव्हा मी टाकीपाशी होतो. बहीण म्हणाली, "दादा, लोकं उभे हायेत ना."

"राहू दे उभे."

पाणी अजून गढूळच होतं. मासोळ्या खाली उतरल्या होत्या. मी बोट बुडवलं, धुण्यात सरळ झालेलं नळीचं तोंड परत थोडं काचेकडे वळवलं. पान डोललं. मग धोतराला बोट पुसून मी म्हटलं, "या, बसा."