बरोबरी नाकारणारी मुक्ता

मुक्ता गेल्याचं मला दवाखान्याच्या जिन्यात कळलं. सकाळपासून ऑपरेशन चालू होतं. मी खालून कॉफी पिऊन वर येत होते आणि नर्स मला शोधत खाली येत होती. ती काही बोलायच्या आधीच समजलं... त्यानंतर जो तो एकच म्हणतोय, उगाच घाई केली पोरीने, औषधांवर राहिली असती तर आणखी काही दिवस तरी काढले असते. महिना उलटला तरी हे ऐकतेच आहे. म्हणून लिहायला बसले.

मी निपाणीची, लग्न झाल्यापासून बंगळुरात, येलहंकाला. मुक्ता नागपूरची, आमच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू. अमेरिकेत शिकून आलेली, इंदिरानगरला नोकरी. भाडेकरू आपली म्हणायला. सहा वर्षं माझ्या घरात माझ्यापेक्षा तिचाच आवाज जास्त होता. तिच्या तिकडच्या कॉलेजचा संघ हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्यात, त्याला ‘बाउल’ म्हणतात, पोहोचला की ती मला टीव्हीसमोर बसवायची. तिकडे रात्र, इकडे सकाळ. नाव फुटबॉल आणि चेंडू काखेत मारून पळायचं. मी एकदा विचारलं, “मग पाय कशाला दिलेत यांना?”

“पळायला, अक्का,” ती म्हणाली.

यंदाच्या जानेवारीत संघ पुन्हा बाउलला पोहोचला, तेव्हा तिच्या पोटातली गाठ कळून दोन महिने झाले होते. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. औषधं घेत, दुखणं सोसत, निघतील तेवढे दिवस काढायचे. किंवा ऑपरेशन, ज्यात गाठ मुळासकट निघेल किंवा मुक्ता टेबलावरून परतणारच नाही. तिचं काही ठरत नव्हतं. मी उप्पीट घेऊन वर जायचे आणि तसंच खाली आणायचे.

सामना फार अटीतटीचा झाला. अगदी शेवटच्या क्षणांत तिच्या पोरांनी चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला, सहा गुण मिळाले आणि आता पोरं एकाच गुणाने मागे होती. इथे दोन पर्याय असतात, असं तिने मला समजावलं. चेंडू लाथेने खांबांमधून मारायचा, म्हणजे एक गुण, बरोबरी आणि जादा वेळ. हे बहुतेक जमतंच. नाहीतर पुन्हा एकदा चेंडू घेऊन घुसायचं. जमलं तर दोन गुण आणि विजय, नाही जमलं तर हार. कोचने घुसायला सांगितलं. समोरच्यांनी चेंडूवाल्या पोराला रेषेच्या हातभर अलीकडे लोळवलं. एका गुणाने हरले.

मी ठेवणीतल्या कन्नड शिव्या काढल्या. “बरोबरी घ्यायला काय झालं होतं मेल्याला?”

मुक्ता टीव्हीकडेच बघत होती. “पोरं पार थकली होती, अक्का. जादा वेळेत हळूहळू हरली असती.” मग थांबून म्हणाली, “हरला, पण बरोबर केलं त्याने.”

दुसऱ्या दिवशी तिने ऑपरेशनची तारीख घेतली.

“स्वल्प थांब की गं,” मी म्हटलं. “भावाला तरी बोलव.”

“दादाला झाल्यावर सांगू. तो रडत बसतो आणि मग मलाच त्याची समजूत काढावी लागते.”

दवाखान्यात तिच्या सहीखाली जवळच्या माणसाची सही लागत होती. मी चष्मा लावून सगळा कागद वाचला. सही केली.

ती वाचली नाही म्हणून ती चुकली, हे मी मानत नाही आणि कुणी कितीही सांगितलं तरी मानणार नाही. तिची फार आठवण येते, ते वेगळं.

गेल्या रविवारी तिचा भाऊ खोली रिकामी करायला आला. शांत माणूस आहे. पुस्तकं खोक्यात भरता भरता थांबला.

“अक्का, त्या कागदावर सही तुमची आहे ना?”

“माझीच.”

“मला एक फोन का नाही केला?”

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण तिच्या खोलीत उभं राहून ते जमेना.

“तू नको म्हणाला असतास,” मी म्हटलं. “ऑपरेशनला ती गेलीच असती रे. पण तुझं ‘नको’ कानात घेऊन गेली असती.”