भाजणीच्या डब्यातला फोन

मुलांनो, तुमच्यातला एक परदेशी बँकेत बसून गुंतवणुकीतली जोखीम मोजतो आणि दुसरी बंडखोरी कशी आटोक्यात आणतात यावर प्रबंध लिहिते. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघंही आपापला विषय समजावत होतात आणि मी मान डोलावत होते. तुमचे आजोबाही डोलत होते, पण ती झोप होती. या दोन्ही विषयांची परीक्षा आम्ही गेल्या वर्षी इथे नौपाड्यात, आपल्याच इमारतीत देऊन बसलो आहोत, हे तेव्हा सांगायचं राहिलं.

आमची भिशी तुम्हाला ठाऊक आहे. महिन्यातून एकदा इमारतीतल्या बायका जमतो, प्रत्येकी ठरलेली रक्कम काढतो आणि जिची चिठ्ठी निघेल तिला सगळी देतो. गेल्या उन्हाळ्यात भिशीला एक गृहस्थ यायला लागले. डोंबिवलीहून यायचे, खरवस आणायचे, सगळ्यांना मावशी म्हणायचे आणि वर्षात पैसे दुप्पट करून द्यायचे. म्हणजे, देतो असं म्हणायचे.

माझी सारी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात झाली. ‘दुप्पट’ हा शब्द ऐकला की मला अजून पाठीत उसण भरते. त्यात कळलं, की तळमजल्यावरच्या वहिनी, तुम्हाला दर दिवाळीला चकल्या पाठवतात त्या, अक्षय्य तृतीयेला आपली सगळी शिल्लक या गृहस्थांच्या हाती ठेवणार आहेत. भाजणी विकून वर्षानुवर्षं जमवलेली रोख. किती, ते मी इथेही लिहिणार नाही. शब्द दिला आहे.

पुढच्या भिशीला मी रंगीत आलेख घेऊन गेले. थोडे पैसे मुदत ठेवीत, थोडे म्युच्युअल फंडात, थोडं सोनं, आणि नफा येतो कुठून हे सांगणाऱ्यालाच सांगता येत नसेल तिथे एक रुपयाही नाही. सगळं नीट, क्रमवार. संपल्यावर वहिनी म्हणाल्या, “छान शिकवता हो तुम्ही. भजी घ्या, गार होताहेत.”

घरी येऊन मी चरफडले तेव्हा आजोबांच्या अंगात फौज संचारली. “रसद तोडायची!” म्हणाले, आणि खाली जाऊन वॉचमनला ताकीद देऊन आले, की त्या माणसाला फाटकाच्या आत घ्यायचं नाही. झालं. तोवर ज्या बायका नुसता खरवस खायला यायच्या, त्याही आता तलावपाळीला ‘फिरायला’ जायला लागल्या. तिथल्या बाकावर त्या गृहस्थांच्या बैठका भरू लागल्या. मी जवळून गेले की सगळ्या मिळून तळ्यातल्या बदकांचं कौतुक करायच्या.

“चुकलंच माझं,” आजोबा म्हणाले. (हे वाक्य जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.) “डोंगरात होतो तेव्हाही पहिल्या वर्षी आम्ही हेच केलं. वाटा अडवल्या आणि अख्खं गाव बंडखोरांच्या बाजूला गेलं.”

“मग पुढे काय केलंत?”

“गावातली पिठाची गिरणी बंद पडली होती. दळणासाठी बायका डोंगर उतरून जायच्या, ती गिरणी त्यांच्या माणसाची. आम्ही गावातली चालू करून दिली. त्यानंतर कुठे लोक आमच्याशी बोलायला लागले. पण गावाला काय हवं आहे हे विचारायला आम्हाला फार उशीर झाला.”

म्हणून मी आलेख कपाटात ठेवला आणि वहिनींकडे भाजणी भाजायला गेले. त्या डाळी परतत होत्या, मी धणे. पलीकडच्या खोलीत त्यांचा मुलगा पेपर वाचत होता. एवढ्यात जिन्यातून आजोबांचा आवाज आला, “अगं, तू सकाळी एटीएममधून पैसे काढलेस का? मला मेसेज आलाय!”

मी तशीच ओरडले, “हो, मीच!” वळले तर वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“बघितलंत?” त्या अगदी हळू म्हणाल्या. “तुमचे हे निदान विचारतात तरी. आमचा ठरवूनच मोकळा होतो.”

मग सगळं बाहेर आलं. बँकेतलं खातं मुलाबरोबर जोडीचं, मोबाइल नंबर मुलाचा. मुलगा वाईट नाही हो, उलट फार गोड. पण कल्याणला फ्लॅट घेतोय. खात्यात रक्कम दिसली की संध्याकाळी जवळ येऊन बसणार आणि म्हणणार, “आई, थोडे दिवस दे.” आणि त्यांना नाही म्हणता येत नाही.

“डोंबिवलीवाल्याकडे मेसेज येत नाही,” वहिनी म्हणाल्या.

“अहो, पण बुडाले तर?”

“बुडाले तर निदान माझे बुडतील.”

हातातला झारा तसाच राहिला आणि धणे करपले. जोखीम म्हणजे पैसे बुडण्याची शक्यता, असं मी जन्मभर धरून चालले होते. वहिनींची जोखीम पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसली होती.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी बँकेत गेलो. खातं एकट्या वहिनींच्या नावावर, नंबर नव्या बटणांच्या फोनचा, रक्कम मुदत ठेवीत. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा नाही, हे मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. त्या वेळात आजोबांनी मुलाला गच्चीवर नेऊन फौजेतल्या आठवणी सांगितल्या. तो म्हणे दोनदा उठायला गेला. इतकी कडक नाकाबंदी त्यांनी डोंगरातही केली नसेल.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ आले. वॉचमनने आत सोडलं, बंदी आम्हीच उठवली होती. वहिनींनी खरवस खाल्ला, वाटी धुऊन परत दिली आणि म्हणाल्या, “पैसे? कसले हो? मी भाजणी विकते.” पुढच्या भिशीला तीन जणींनी मला कोपऱ्यात गाठलं. “वहिनींना कुठे नेलं होतंत? आम्हालाही न्या.” मी प्रत्येकीला वेगवेगळ्या दिवशी नेलं. खरवस घेऊन गृहस्थ अजून दोनदा आले, मग कंटाळले.

परवा वहिनींकडे चहाला बसले होते. मुलगाही होता. फडताळातल्या भाजणीच्या डब्यातून ‘टिंग’ असा आवाज आला. ठेवीचं व्याज जमा झालं असणार.

मुलाने मान वर केली. “आई, डबा वाजला?”

“नवा आहे,” वहिनी म्हणाल्या. “तू बिस्किट घे.”