सत्यनारायणाला रफूचे मोजे

तुआसच्या कारखान्यातले सेफ्टी बूट मोजे खात नाहीत, गिळतात. सोमवारी घातलेल्या कोऱ्या मोज्यातून बुधवारी माझा अंगठा बाहेर डोकावून खाडीपलीकडचं मलेशिया बघत असतो. शपथेवर सांगतो, एकदा तर त्याला ऊन लागलं होतं.

म्हणून मी रफू शिकलो. मोजा पळीच्या पाठीवर ताणायचा. आधी उभे धागे, मग त्यांतून एक सोडून एक आडवे. गाठ अजिबात मारायची नाही, बुटात ती दगडासारखी टोचते. माझ्या एका करड्या जोडीत मूळ मोजा आता औषधापुरता उरलाय, बाकी सगळी माझी कारागिरी.

लेक इथल्या बोलीतलं "लाह" शेवटी जोडून म्हणते, "बाबा, जस्ट बाय न्यू लाह!" बायकोचा राग पळीवरून. "अहो, वरण वाढायची पळी आहे ती!" मी ती नंतर घासतो, हे मात्र कुणी बोलत नाही.

गेल्या महिन्यात बुकित बातोकला मित्राकडे सत्यनारायण होता. निघताना बायकोनं माझ्या पायांकडे पाहिलं. "तिथं दारात बूट काढायचेत. एक जण जरी हसला ना, तुमचे बाराच्या बारा जोड कचऱ्यात!"

"कबूल!" छाती पुढे होती, अंगठे मात्र आत वळले होते.

पूजा झाली. शिऱ्याची वाटी घेऊन सोफ्यावर बसलो आणि सवयीनं पायावर पाय टाकला. शेजारच्या फ्लॅटमधल्या चिनी आजी प्रसादाला आल्या होत्या, जन्मभर शिवणकाम केलेल्या. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि सरळ माझा पाय धरून उजेडाकडे वळवला. हॉलमधली चारशे माणसं (बायको म्हणते, वीस) माना वळवून माझा पाय बघू लागली.

"हू स्टिच धिस वन?"

"मी, आंटी."

त्यांनी टाचेवरच्या रफूच्या कडेवरून बोट फिरवलं. "एज टू टाइट लाह. बट वेरी नाइस."

"अरे, मोजे शिवतोस?" मित्राला हसू फुटलं. मग सगळाच हॉल खदखदला. माझे बारा जोड डोळ्यांपुढे कचऱ्यात उड्या मारू लागले.

तेवढ्यात बायको उठली. "हसायला काय झालं? तुमच्यातल्या एकाला तरी सुईत दोरा ओवता येतो का?" आणि आजींकडे वळून, "आंटी, सी द लेफ्ट वन. लेफ्ट इज बेटर."

आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या एका शब्दासरशी मी दुसरा पाय वर केला.