वर्गमूळ गेलं आणि मी वर्गावर भडकले

मित्रहो, आज मी नववीच्या अख्ख्या वर्गाला उभं केलं. चूक माझी होती.

गणिताच्या चाचणीचा पेपर मीच घरी टाइप केला होता. वर्गमुळाचं चिन्ह कीबोर्डवर सापडेना, म्हणून एका वेबसाइटवरून उचलून पेस्ट केलं. माझ्या स्क्रीनवर छान दिसत होतं. प्रिंट मात्र कट्टा गावच्या बाजारातल्या दुकानात काढली, घाईघाईत, न वाचता.

तपासताना बघते तर √x + 9 = 12 या गणितात सगळ्यांचं उत्तर तीन. यायला हवं नऊ. वर्गमूळ कुणीच लिहिलेलं नाही. सगळ्यांची एकच चूक, म्हणजे कॉपीच, असं मी ठरवूनच टाकलं. वर्गात सगळ्यात हुशार रेश्मा, म्हणून तिच्यावरच घसरले, "तूच दाखवलंस ना सगळ्यांना?"

ती रडली नाही. प्रश्नपत्रिका माझ्यासमोर धरून, त्या गणितावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, हयसर ता चिन्हच नाय."

खरंच नव्हतं. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या फॉन्टमध्ये ते नसावं. त्या जागी नुसता कोरा कागद.

आणि मी काय म्हणाले? "छपाईची चूक दिसते. बसा. सगळ्यांना पूर्ण गुण."

सगळे बसले. रेश्मा मात्र घंटा होईपर्यंत उभीच राहिली, आणि मी फळ्याकडे तोंड करून शिकवत राहिले.

फाईल पीडीएफ करून न्यायची, हे तुम्ही सांगालच. ते कळलंय मला. उद्या पहिला तास नववीवरच आहे. रेश्माला काय सांगू, तेवढं सांगा.