कोलास भावोजींची खुर्ची

आमच्या किनाऱ्यावरचे सगळ्यात थकलेले गृहस्थ म्हणजे माझे भावोजी कोलास. हे मी नाही, ते स्वतःच सांगतात, रोज, कुणी विचारलं नसलं तरी. तरुणपणी तीन वर्षं दूरच्या समुद्रात बोटीवर होते, पुढे एकोणतीस वर्षं ताओयुआन शहरात मोठमोठ्या इमारतींचं सेंटरिंग केलं. त्यात गुडघे गेले आणि डाव्या कानाने कायमची रजा घेतली. आवाज तेवढा शाबूत राहिला. आमच्यात नवरा लग्न होऊन बायकोच्या घरी येतो. भावोजी माझ्या ओसायताईकडे आले तेव्हा एक कोयता, एक जाळं आणि हा आवाज, एवढंच सामान होतं. कोयता हरवला, जाळं मी फाडलं. आवाज गावाने ठेवून घेतला.

ऑगस्टमध्ये पीक घरात आलं की चार दिवस इलिसिन, आमचा सुगीचा सण. सगळं गाव हातात हात घालून गोल धरतं, मधे एक जण ओळ टाकतो आणि दोनशे माणसं ती उचलतात. गेली सत्तावीस वर्षं ओळ टाकणारे भावोजीच. या गाण्यांत अर्थाचे शब्द नसतात, नुसते हो, हाय, यान. बाहेरच्यांना वाटतं, मग सोपंच असेल. अर्थ असता तर विसरलेल्या जागी माणूस काहीतरी जुळवून वेळ मारून नेतो. इथे काय जुळवणार?

शिवाय ही गाणी त्या चार दिवसांखेरीज तोंडातून काढायची नाहीत, गुणगुणायचीसुद्धा नाहीत. एकदा ऑक्टोबरात भावोजींनी परांचीवर चुकून अर्धी ओळ म्हटली आणि आठव्या दिवशी वादळ आलं. गावातल्या केळी आडव्या झाल्या. अजूनही कुणाची केळ पडली की लोक आधी भावोजींकडे बघतात, मग आभाळाकडे. म्हणजे शिकायला वर्षाचे चार दिवस, तेही भर नाचात.

आता खुर्चीचं सांगतो. आमच्याकडे वयात आलेल्या मुलांची दर पाच वर्षांनी एक तुकडी होते आणि त्या साली गावात जे घडलं असेल ते नाव तिला पडतं. भावोजींची तुकडी 'पूल'. माझी 'टेलिफोन'. आमच्या मागून आलेल्यांच्या नशिबी 'लाइट गेली' आलं, आणि ते बिचारे जन्मभर त्याच नावाने ओळखले जाणार. साठी आली की तुकडी म्हाताऱ्यांत बसते. ताडपत्रीची सावली, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, तरुणांनी हातात आणून दिलेली भाताची दारू, खारवलेलं डुकराचं मांस, आणि नाचणाऱ्यांना नावं ठेवण्याचं काम. 'पूल' तुकडी आठ वर्षांपूर्वी बसली. भावोजींची खुर्ची तेव्हापासून रिकामी आहे. तिच्यावर त्यांचे सोबती चालाव आपली टोपी आणि सुपारीची पिशवी ठेवतात.

कारण ओळ कुणाला देता येत नाही. नेमणूक चालत नाही आणि विनवणी तर नाहीच. ओळ टाकणारा थांबतो, मग ज्याला वाटेल त्याने स्वतःहून पुढची ओळ टाकायची. ज्याने टाकली, ते काम त्याचं. कुणीच टाकली नाही तर गावाची अब्रू जाते. आणि एकदा टाकली की त्याची चूक काढायची नाही. काढायचीच असेल तर उठून पुढची ओळ आपण टाकायची, म्हणजे काम परत आपल्या गळ्यात.

आठ वर्षं भावोजी पहिल्या दिवशी सकाळी जाहीर करतात, "यंदा शेवटचं." तिसऱ्या दिवशी दुपारी थांबतात. सगळं गाव आपापल्या पायांकडे बघतं. दहा-पंधरा श्वास जातात, आणि भावोजी शिवी गिळून पुन्हा सुरू करतात.

यंदाही ओसायताई सकाळी त्यांच्या गुडघ्यांना औषधाच्या पट्ट्या चिकटवत बसली होती.

"या खेपेला मी थांबलो की थांबलो," भावोजी म्हणाले. "अब्रू गेली तर जाऊ दे."

"मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतास."

"मागच्या वर्षी एकच गुडघा दुखत होता."

"मग पाय सरळ कर, दुसऱ्याची पट्टी निघतेय." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुला रे, गळा काय फक्त गिळायला दिलाय?"

"ताई, भावोजींच्या अर्ध्या ओळीने केळी पडल्या. मी गायलो तर नारळ पडतील."

"हा आणि उपयोगी पडणार," भावोजी म्हणाले.

उरला नामोह. 'लाइट गेली' तुकडीतला, बेचाळिशीचा, ट्रक चालवतो. वीस वर्षं भावोजींच्या पाठोपाठ नाचतोय आणि ओठ सतत हलत असतात. पण लाजाळू इतका, की ट्रकचा हॉर्न वाजवला तरी खिडकीतून माफी मागतो. दुसऱ्या दिवशी पाणी पिताना भावोजींनी त्याला गाठलं. विनवणी करायची नाही, त्यामुळे बोलणं असं झालं:

"नामोह, गळा कसा आहे?"

"बरा आहे, मामा."

"खोकला वगैरे?"

"नाही, मामा."

"मग चांगलं आहे."

"हो, मामा."

भावोजी निघून आले. इतकं हताश तोंड मी त्यांचं परांचीवरून पडून बरगड्या मोडल्या तेव्हाही पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते थांबले. या वेळी नुसते थांबले नाहीत, गोलाच्या बाहेर पडून एकेक पाय ओढत ताडपत्रीखाली आले आणि खुर्चीसमोर उभे राहिले. चालावांनी नाइलाजाने टोपी उचलली. भावोजी बसले. गोल जागच्या जागी उभा. समुद्र ऐकू यायला लागला. पंधरा श्वास झाले, वीस झाले. भावोजींचे ओठ हलू लागले तशी ताईने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला.

"सोड," ते पुटपुटले. "जातेय अब्रू."

"जाऊ दे म्हणाला होतास."

एवढ्यात ओळ आली. नामोहचा आवाज पहिल्या सुराला फाटला, दुसऱ्याला जुळला, आणि दोनशे माणसांनी तो असा उचलला की पाय आपोआप हलले. भावोजींनी डोळे मिटले. पाय लांब केले. त्यांना असं सैल बसलेलं मी लग्नानंतर प्रथमच पाहत होतो.

तिसऱ्या ओळीच्या मध्यावर नामोह थांबला, धाप लागल्यासारखा एक श्वास आत ओढला, आणि पुढे गेला. मागून सगळं गावही नेमकं तिथेच थांबलं, श्वास घेतला, आणि पुढे गेलं.

भावोजींनी डोळे उघडले. "हे काय?"

"गाणं," चालाव म्हणाले.

"मधे दम का घेतला? ती ओळ एका दमात जाते."

"तू घेतोस."

"मी? कधी?"

"परांचीवरून पडलास तेव्हापासून. अकरा वर्षं झाली."

"अरे, मला दम पुरत नाही म्हणून घेतो. ते गाण्यात नाही."

"आम्हाला काय ठाऊक, लेका? तू थांबलास, आम्ही थांबलो. पायांनाही बरं पडतं."

भावोजींच्या आधी जे ओळ टाकायचे, ते ती एका दमात न्यायचे, त्यांच्या आधीचेही. आणि आता सांगणार कसं? सण संपला की पुढच्या वर्षापर्यंत गाऊन दाखवता येत नाही, आणि आत्ता दाखवायचं तर उठावं लागेल. भावोजींनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. अर्धे उठले. चालावांनी टोपी पुढे आणली.

"ठेवू का?"

भावोजी तसेच वाकून उभे होते. ताईने या वेळी हात लावला नाही. मग ते हळूच परत टेकले. "लांब ठेव ती टोपी," म्हणाले.

पण खोड कुठली जायला. फेरी फिरून तीच ओळ आली आणि खुर्चीवरून ओळ उचलताना भावोजी सवयीने एका दमात पुढे गेले, नाचत नसल्याने तेवढा दम त्यांना पुरला. सगळं गाव थांबलेलं आणि त्या शांततेत एकटा त्यांचा आवाज. माना वळल्या. नामोहचं तोंड उघडंच राहिलं. म्हाताऱ्याने काम परत घेतलं की काय, हे त्याला कळेना. पुढची ओळ टाकू का नको अशा नजरेने तो ताडपत्रीकडे बघत राहिला.

भावोजींनी तोंड मिटलं आणि चालावांच्या पिशवीतली सुपारी निवडू लागले. एक घेतली, ठेवली, दुसरी घेतली. मान वर केली नाही.

नामोहने ओळ टाकली.

पुढच्या फेरीला ताई त्यांच्याकडे बघत उभी होती. तिसरी ओळ आली, मध्यावर आली. भावोजी थांबले. दोनशे माणसांबरोबर श्वास घेतला, आणि त्यांच्याबरोबर पुढे गेले.

"जमलं," ताई म्हणाली.

"दमलो," भावोजी म्हणाले, आणि मला डुकराचं मांस आणायला पाठवलं.