मोटारीच्या ताटातलं मीठ

आधीच सांगून टाकते. भूतखेत, चकवा, अंगात येणं, यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं. सगळ्या बायका पाया पडायच्या आणि मी पुढे होऊन विचारायचे, "देवी, माझं गॅस सिलेंडर कधी येईल तेवढं सांग." अशी मी! तेव्हा मी तुम्हाला भेटले असते तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नसता. आज त्रेसष्टाव्या वर्षी ती बाई मलाच सहन होत नाही... पण झालं ते तिच्याच हातून झालं, त्यामुळे तिच्याशिवाय सांगताही येत नाही.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, प्रवरासंगमच्या खालच्या अंगाला, जायकवाडीच्या फुगवट्याच्या काठावर आहे. जुनं गाव पाण्याखाली गेलं, हे नवं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या विहीणबाईंचे भाचे इथे लोकांनी लिहिलेले अनुभव वाचतात आणि ही गोष्ट विहीणबाईंना आजतागायत माहीत नाही. (भाचे ओळखतीलच. ओळखू देत.)

आमची मासेमारीची होडी आहे. तिला मागे लावायची पेट्रोलची मोटार आहे, तिला आम्ही मशीन म्हणतो. पूर्वी ती सर्व्हिसिंगला मिस्त्रीकडे जायची. चार दिवसांनी परत यायची ती एक दुखणं बरं करून आणि दोन नवी घेऊन. शेवटी मी म्हटलं, कुकरची शिट्टी, शिलाई मशीन, मिक्सर सगळं मीच खोलते, मग हिनं काय घोडं मारलंय? पडवीत लाकडी घोडीवर मशीन टांगायचं, खाली पाण्याचा ड्रम ठेवायचा आणि दोरी ओढायची. बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. आमचे हे बाहेरून ओरडायचे, "मुतलं का?" मी म्हणायचे, "मुतलं!" म्हणजे आतला पाण्याचा पंप ठीक. मग प्लग काढून पेट्रोलनं घासायचा. खालचं गिअर ऑइल सोडायचं. ते चहासारखं दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलं समजायचं. शेवटी पाण्यात फिरणारा पंखा काढायचा, कारण जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, दांड्याला गुंडाळून बसतो आणि आतलं सील कापतो.

आता माझी खास पद्धत. काढलेला प्रत्येक भाग मी स्टीलच्या ताटात ठेवते, आणि तोही जेवणाचं ताट वाढतात त्या जागी. मधोमध भाताच्या जागी पंखा. उजवीकडे भाजीच्या जागी पंख्याचा नट. डावीकडे चटणी-कोशिंबिरीच्या जागी ऑइलचे दोन स्क्रू, लोणच्याच्या जागी प्लग. आणि वर मधोमध, मिठाच्या जागी, स्प्लिट पीन. ही छोटीशी पीन नटाच्या भोकातून आरपार घालायची आणि तिचे दोन्ही पाय वळवून टाकायचे, म्हणजे नट फिरून सुटत नाही. ती नसली तर नट हळूहळू निघतो आणि पंखा जातो तळाला. ताटात मीठ सगळ्यात आधी वाढतात ना, तशी पंखा काढताना ही पीन सगळ्यात आधी निघते. ताट रिकामं झालं की काम झालं!

या ताटावरून सासूबाईंनी मला काय काय ऐकवलंय! "मोटारीला ताटात वाढतीस आन नवऱ्याला हातावर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बोलणं असं, पण खरी मेख दुसरीच होती. नवी नवरी असल्यापासून मी ताटात मीठ वाढायला विसरायचे. रोज. पंगतीतसुद्धा. आणि त्या न बोलता माझ्या मागून येऊन प्रत्येक ताटात चिमूटभर मीठ ठेवत जायच्या. लोक जेवून उठले की मग तोफ — "पंचपक्वान्न करशील गं, पण मीठ कोन वाढनार? तुझी आय?" मी मागे वळून कधी बघितलं नाही. बघितलं असतं तर चूक कबूल करावी लागली असती.

सासूबाईंच्या अंबाड्यात काळे लोखंडी आकडे असायचे. त्यातल्या प्रत्येकाचा एक पाय त्यांनी तोडून आखूड केलेला असे, स्टोव्हचं भोक साफ करायला. हे लक्षात ठेवा. त्या गेल्या तेव्हा अंबाडा मीच सोडला. सातही आकडे एका फडक्यात बांधून अस्थींबरोबर संगमावर पाण्यात सोडले.

त्यानंतर सहा वर्षांनी, मी बावन्न वर्षांची असताना, म्हणजे अक्कल यायचं वय बरंच मागे पडल्यावर, हे घडलं.

सून सारिका बाळंतपणाला माहेरी गेली होती. माहेर पाण्याच्या पलीकडे, गंगापूर तालुक्यात. मुलगा चाकणला नोकरीला. नात अडीच महिन्यांची झाली, तिला घरी आणायचं ठरलं. पुलावरून गाडीनं फिरून यायचं तर दीड तास, होडीनं वीस-पंचवीस मिनिटं. आदल्या दिवशी दुपारी मी मशीन खोललं. सगळं झालं, पंखा बसवला, नट हातानं फिरवत आणला... आणि विहीणबाईंचा फोन आला.

"विहीणबाई, होडी नको हो. लेकरू लहान हाय. आमी जीप करतो की."

झालं! म्हणजे माझ्या मशीनवर अविश्वास! अर्धा तास मी फोनवर भाषण ठोकलं. "स्वतःच्या हातानं खोललंय मी, विहीणबाई! नट न् नट तोंडपाठ आहे. जीपचा ड्रायव्हर तरी गाडी खोलून बघतो का?" बोलत बोलत पान्यानं नट आवळला, ताट पायानं घोडीखाली सरकवलं आणि तशीच डिंकाचे लाडू वळायला गेले. सकाळी दोघांनी मशीन उचलून होडीला लावलं. पंख्याकडे पाहिलं का? नाही. अंगावर नवी साडी होती, ग्रीस लागलं असतं.

होडी घेऊन मी एकटीच गेले, जाताना पाणी आरशासारखं होतं. परत निघायला मात्र उशीर झाला. ओटी भरणं, चहा, परत चहा. साडेबारा वाजले आणि वारा सुटला. फुगवट्यावर दुपारचा वारा सुटला की समुद्र म्हणजे काय ते कळतं. होडीत मी, सारिका, विहीणबाई आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. लाईफ जॅकेट तीन होती. बाळाच्या मापाचं नव्हतंच.

निम्म्यात आलो आणि फोन वाजला. आमचे हे.

"कुठवर आलीस?"

"निम्म्यात. का?"

मग म्हणाले, "अगं... ताटात मीठ तसंच हाय."

"कुठल्या ताटात?"

"घोडीखालच्या."

आदल्या दिवशीची दुपार लख्ख डोळ्यांपुढे आली. नट आवळला तो दिसला, ताट सरकवलं तो पाय दिसला. पीन घातल्याचं काही दिसेना.

"मशीन बारीक कर आन ये," हे म्हणाले. "थांबू नको. मी कुनाची तरी होडी घेऊन निघतो." फोन बंद.

"काय म्हणतात यजमान?" विहीणबाईंनी विचारलं.

"मीठ सापडलं म्हणतात."

"जेवले का मग?"

"जेवायचेत अजून."

मी मशीन बारीक केलं. पंखा गेला तर होडी आडवी होणार, आडव्या होडीत लाटा शिरणार. जवळ वल्हं एकच. आणि आम्ही नेमके जुन्या गावावर होतो. तिथे पाण्याखाली चिंचेचे जुने खुंट आहेत, वारा होडीला बरोबर त्यांच्यावर नेतो. मशीन बंद करून, वर उचलून पंखा बघावा म्हटलं तर तेवढ्या वेळातही तेच होणार. म्हणून थांबले नाही... असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं सांगू? आणखी एक कारण होतं. मशीन बंद केलं असतं तर विहीणबाईंना कळलं असतं. बाळ होडीत असताना मी हा विचार केला. हे लिहिताना आजही तोंड लपवावंसं वाटतं.

"आत्या, इतकं हळू का?" सारिकानं विचारलं.

"बाळाला गार वारा लागतो गं."

कान सगळे मशीनकडे. काठ दिसत होता पण जवळ येत नव्हता. बाळ रडायला लागलं. सारिकानं त्याला पदराखाली घेतलं आणि मला त्या दुपट्याचं फक्त टोक दिसत राहिलं, वाऱ्यावर फडफडणारं. मी मनात मोजायला लागले. शंभर झाले की परत एकपासून.

आणि एकदम मशीन मोकळं ओरडलं. पंखा निसटला की ओरडतं तसं, भार नसलेलं, किंचाळणारं. होडी थबकली, नाक वळायला लागलं. विहीणबाईंनी फळी घट्ट धरली. माझ्या तोंडून निघालं, "सासूबाई..." देवाचं नाव नाही हो! उभा जन्म जिच्याशी भांडले तिचं. दोन श्वास गेले असतील. मग कुणी खांद्यावर हात दाबून खाली बसवावं तसा आवाज खाली आला. भार परत आला. होडी चालायला लागली.

तुम्ही म्हणाल, लाटेवर होडी उचलली गेली की पंखा पाण्याबाहेर येतो, तेव्हाही मशीन असंच ओरडतं. असेल. मीही तेच म्हणते. बाकीचं ऐका.

काठाला लागलो. आमच्या ह्यांना होडी मिळाली नव्हती, ते कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. शेजारणींनी बाळावरून भाकरतुकडा ओवाळला, सगळी वरात घराकडे गेली. मी होडीतच बसून राहिले. ह्यांनी मशीन वर उचललं.

नट जागेवर होता. आणि नटाच्या भोकातून आरपार एक आकडा. अंबाड्याचा, काळा, लोखंडी. दोन्ही पाय दोन बाजूंना वळवून पक्का बसवलेला. एक पाय आखूड.

"हे तू घातलंस?" ह्यांनी विचारलं.

"मी? माझ्याकडे आकडा कुठून येणार? केस बघा माझे." माझे केस तेव्हा खांद्यापर्यंत कापलेले, रबर लावायचे.

"सारिकाचा? विहीणबाईंचा?"

"दोघींना प्लॅस्टिकचे चाप."

त्यांनी आकड्यावरून बोट फिरवलं. "आईचा हाय," एवढंच म्हणाले आणि पाण्यात उभ्या उभ्या तोंड धुतलं. दोनदा.

मी अशी तशी मानणारी नव्हे. घरातला कोपरा न् कोपरा उलथा केला. सासूबाईंचा एकही आकडा मिळाला नाही. मिळणार कसा, सातही मीच सोडले होते. पडवीला रात्री कडी होती. म्हटलं, फोनच्या नादात मीच कुठूनतरी उचलून घातला असेल. म्हणून आकडा काढून नेवाशाच्या मिस्त्रीला दाखवला. कुठून आला ते सांगितलं नाही.

त्यानं उलटासुलटा करून बघितला. "काकू, हे लई दिवसांपूर्वी वळवलंय."

"कशावरून?"

"ही वळणं बघा की. त्यांच्यावर बी गंज हाय. काल वळवला असता तर तिथं चकाकला असता. हा पाच-सहा वर्षं तरी पान्यात असनार."

नट तर मी परवा काढला होता. तेव्हा भोकात आमचीच पीन होती, आणि ती ताटात, मिठाच्या जागी पडून राहिली.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. शिकलेल्या माणसांना विचारलं, न शिकलेल्यांना विचारलं. उत्तर कुणाकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. आकडा माझ्या कुंकवाच्या डबीत आहे. त्याचा गंज तेव्हा होता तेवढाच आहे, वाढला नाही. याचंही कारण मला माहीत नाही.

मशीन अजून मीच खोलते. पंखा बसवला की पीन घालते, पाय वळवते, मग रिकामं ताट हातात धरून मोठ्यानं म्हणते, "सासूबाई, मीठ वाढलंय. बघून घ्या." आमचे हे हसत नाहीत. तुम्हाला हसायचं तर हसा. ती बावन्न वर्षांची बाई तर खाट मोडेपर्यंत हसली असती.

मागे वळून मात्र मी अजूनही बघत नाही. तेव्हा चूक कबूल करावी लागेल म्हणून बघत नव्हते. आता वाटतं, वळले आणि मागे कोणीच नसलं तर?