निळ्या चिठ्ठ्या, पिवळ्या चिठ्ठ्या

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी माझी थोरली बहीण लष्कराच्या मुख्यालयात टेलिफोन जोडायचं काम करत होती. तिच्याविषयी आजवर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. मलाही लिहिण्याची सवय नाही, पण त्या वेळची चूक माझी होती आणि ती निस्तरली ताईने. हे माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे, म्हणून जमेल तसं लिहितो.

मुख्यालय एका बंद शाळेत होतं. टेलिफोनचा बोर्ड जीवशास्त्राच्या खोलीत बसवला होता आणि तिथल्या कपाटात बरण्यांमधले बेडूक तसेच होते. नव्या मुलींना ताई ते बेडूक दाखवायची. "यांच्यासारखं बसायचं. ऐकायचं आणि तोंड मिटून राहायचं." शपथच तशी होती. फोनवर कानावर पडलेला एक शब्द बाहेर गेला, तर नोकरी जायचीच, वर तुरुंग.

प्रत्येक फोनची चिठ्ठी लिहायची, कुणी लावला, कुणाला लावला आणि किती मिनिटं चालला. वरच्या साहेबांना केलेला फोन निळ्या चिठ्ठीवर, खालच्या चौक्यांना केलेला पिवळ्या. दिवसाच्या चिठ्ठ्या खिळ्याला टोचून शेजारच्या खोलीत यायच्या. त्या खोलीत मी. डोळे अधू म्हणून मला आघाडीवर घेतलं नव्हतं, कारकून केलं होतं.

नदीकाठी आमच्या दोन डिव्हिजन होत्या. एकीचे जनरल इतकं कमी बोलायचे, की बोर्डावरच्या मुलींनी त्यांचं नाव 'मुके साहेब' ठेवलं होतं. त्यांच्याच हाताखाली आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, ट्रक चालवत होते. दुसरे जनरल 'नगारा'. त्यांचा फोन आला की ताई म्हणायची, "यांना वायर कशाला? खिडकी उघडली तरी पुरे."

नदीचं पाणी उतरल्यावर पलीकडे धडक मारायची, हे ठरलं होतं. या दोघांतला एक जण सगळ्या मोहिमेचं नेतृत्व करणार होता. कोण लायक, हे ठरवायला राजधानीहून एक निवृत्त जनरल आले. आम्ही त्यांना परीक्षक म्हणायचो. त्यांनी माझ्याकडे एकच कागद मागितला. गेल्या महिन्यात दोघं फोनवर किती वेळ होते?

मी सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज केली. मुके साहेब एकसष्ट तास, नगारा एकोणीस. खाली पट्टीने दोन रेघा मारल्या आणि कागद नेऊन दिला. तिसऱ्या दिवशी परीक्षकांच्या अहवालाचा कच्चा मसुदा साफ लिहून काढायला माझ्याच टेबलावर आला. त्यात मुक्या साहेबांविषयी होतं, 'दिवसभर फोनला चिकटलेला माणूस. स्वतः निर्णय घेत नाही. मोहिमेस नालायक. मागे बोलवावे.'

मी ताईला सांगायला नको होतं. सांगितलं. दुपारी शाळेच्या पायरीवर आम्ही डबा खात होतो.

"एकसष्ट तास?" ती म्हणाली. "काय काय मिळवलंस त्यात?"

"सगळ्या चिठ्ठ्या."

"निळ्या-पिवळ्या एकत्र?"

"मिनिटं ती मिनिटं, ताई."

तिने डबा बंद केला. "अरे, मग रंग काय आम्ही शोभेला वापरतो?"

मी तसाच उठलो. चिठ्ठ्या वेगळ्या केल्या आणि दोनदा मोजल्या. मुक्या साहेबांच्या महिन्याभरात निळ्या चिठ्ठ्या सात. बाकीच्या शेकडो पिवळ्या. नगाऱ्याच्या निळ्या दोनशे एकतीस, पिवळ्या अकरा.

"मी कागद गुपचूप बदलतो," मागोमाग आलेल्या ताईला मी म्हणालो.

"गुपचूप नाही. उद्या कुणी म्हणेल, बायकोने नवऱ्याच्या साहेबाला वाचवलं. चल, खिळे उचल."

परीक्षक मुख्याध्यापकांच्या खोलीत बसत. ताईने दोन्ही गठ्ठे त्यांच्यासमोर ठेवले आणि रंगांचा अर्थ सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं.

"फोनवर हे दोघं काय बोलतात, ते सांगाल?"

"नाही साहेब. शपथ आहे."

"मी विचारतोय तरी?"

"तुम्ही विचारताय म्हणून तर मुळीच नाही."

परीक्षकांनी चष्मा काढला. "तुमचं कुणी आहे त्या डिव्हिजनमध्ये?"

"आमचे हे आहेत."

"मग तुमच्यावर विश्वास का ठेवू?"

"माझ्यावर नकाच ठेवू. चिठ्ठ्या मोजा. पाच मुलींच्या हातच्या आहेत, त्यातल्या दोघींचं माझ्याशी पटतही नाही. आणि साहेब, नवरा तिथे आहे म्हणूनच मला तिथला साहेब खरा हवा. नुसता बरा दिसणारा मला काय कामाचा?"

परीक्षकांनी चिठ्ठ्या स्वतः मोजल्या. अर्धा तास तरी गेला असेल. आम्ही उभेच. शेवटी ते पुटपुटले, "हा माणूस रोज वीस-वीस चौक्यांना फोन करतो. इतका वेळ बोलतो तरी काय?"

"बोलत नाहीत, हे अख्ख्या मुख्यालयाला ठाऊक आहे, साहेब. त्यात माझी शपथ मोडत नाही."

ते खुर्चीत मागे रेलून हसले. "म्हणजे ऐकतो." त्यांनी निळा गठ्ठा बोटाने ढकलला. "आणि हे महाशय पाऊल टाकायच्या आधी वर विचारतात. दिवसाला सात-आठदा." मग एकदम, "या सगळ्याची एकत्र बेरीज केली कुणी?"

"मी," मी म्हणालो.

"माझा धाकटा भाऊ," ताई म्हणाली.

"त्याचे डोळे तपासून घ्या."

"तपासलेत साहेब. म्हणूनच तर तुमच्या वाट्याला आला."

अहवाल मीच पुन्हा लिहिला. मोहीम मुक्या साहेबांकडे गेली. नगारा साहेबांना मागे नव्या भरतीच्या कवायतीवर नेमलं, आणि खरं सांगायचं तर तिथे तो आवाज अगदी कारणी लागला.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी धडक सुरू झाली. बोर्ड मुका होता. मुली एकमेकींकडे बघत नव्हत्या. सव्वाअकराला एक दिवा लागला, त्याखाली कोणत्याच चौकीचं नाव नव्हतं. ताईने फोन घेतला, वर जोडून दिला, मग कागदाची एक पट्टी फाडून तिच्यावर 'पलीकडचा काठ – १' असं लिहिलं आणि त्या दिव्याखाली डिंकाने चिकटवली. एक शब्द बोलली नाही. शपथ होती. पण ती पट्टी खोलीतल्या सगळ्यांनी वाचली आणि मुली उठून उभ्याच राहिल्या. दुपारपर्यंत तशा अकरा पट्ट्या झाल्या. वरच्या रांगेपर्यंत हात पुरेना, तेव्हा ताईने खुर्ची पायाने मागे लोटली आणि उभ्यानेच प्लग लावत सुटली. मी पट्ट्या फाडून देत होतो. आयुष्यात इतकं नेमकं काम मी पुन्हा केलं नाही.

भाऊजींचा पत्ता मात्र नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या सात नंबरचा दिवा लागला.

"मुख्यालय. कुणाला जोडू?" ताई म्हणाली.

तिकडून काय उत्तर आलं, ते भाऊजींनीच पुढे घरी सांगितलं. ते म्हणाले होते, "कुणालाच नको."

बोर्डावर खाजगी बोलायला सक्त मनाई होती. ताई नियमाप्रमाणे म्हणाली, "मग लाइन मोकळी करा." आवाज अगदी ड्यूटीचा. प्लग काढायचा हात मात्र पुरा एक मिनिट तसाच राहिला, आणि तिच्याशी न पटणाऱ्या त्या दोघींनी तेवढा वेळ तिचे बाकीचे दिवे मुकाट्याने सांभाळले.